प्रतिक्रियेला उत्तर: मोठ्या काडतुसांचं कौतुक कशाला?

देवळालीकर काका, नमस्कार.

सेमी-ऑटो पिस्तुलांच्या दमदार काडतुसांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते मी जसंच्या तसं ठेवलं आहे. ज्यांच्या नजरेतून ते सुटलं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं, की आपल्याकडे शिकार १९७२ पासून बंद, ही पिस्तुलं सामान्य माणसाला मिळत नाहीत, मग १० एमएम आणि .५० अ‍ॅक्शन एक्स्प्रेस या काडतुसांची आरती कशाला ओवाळायची? नेमबाजी म्हणजे एअर पिस्तूल आणि पॉइंट टू-टू (.२२ चं हलकं काडतूस), दणक्याचा नेमाशी संबंध काय? आणि दणकाच हवा असेल तर रिव्हॉल्वर आहे की, बाकी सगळी सिनेमातली खेळणी. शेवटचं वाक्य तुमच्याच शब्दांत देतो: "नाशिकच्या पोरांच्या डोक्यात हे भरू नका."

तुम्ही तोफखान्यात नोकरी केलीत असं लिहिलंय. तेव्हा दारूचा दाब, नळी आणि गोळा यांचं नातं मी तुम्हाला शिकवावं असं काही नाही. मी अंबडच्या एका टूलरूममध्ये काम करतो आणि क्लबात एअर पिस्तूल चालवतो. १० एमएम मी कधी झाडलेलं नाही, आणि लेखातही तसा आव आणलेला नाही. मला या काडतुसांचं वेड आहे ते यंत्र म्हणून. त्याच बाजूनं उत्तर देतो.

रिव्हॉल्वरपासून सुरुवात करतो, कारण तिथं तुमचं बरचसं बरोबर आहे. .३५७ मॅग्नम १९३५ चं, .४४ मॅग्नम १९५५ चं, आणि २००३ मध्ये आलेलं .५०० स्मिथ अँड वेसन तर या सगळ्यांचा बाप. रिव्हॉल्वरचं काडतूस चक्रीत बसतं, मुठीत नाही. त्यामुळे ते लांब करायचं ठरवलं तर चक्री लांब करायची, मूठ आहे तेवढीच राहते. शिवाय काडतूस जोरकस असो की मऊ, पुढची गोळी चापाच्या ओढीनं किंवा अंगठ्यानं घोडा ओढला की समोर येते. हत्यार चालवायला काडतुसाकडून काही उसनं घ्यावं लागत नाही.

सेमी-ऑटोत नेमकं उलटं आहे. काडतुसं मॅगझीनमध्ये, मॅगझीन मुठीत, आणि मूठ माणसाच्या पंजात मावली पाहिजे. म्हणजे काडतुसाची लांबी ठरवणारा शेवटी माणसाचा पंजा. .४५ एसीपी काडतूस गोळीच्या टोकापासून बुडापर्यंत सुमारे ३२ मिलिमीटर आहे, आणि १९११ च्या कोल्टची मूठ त्या मापाभोवतीच बेतलेली आहे. दुसरी अडचण अशी, की काडतुसाचा झटकाच स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे नेतो, रिकामी पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) बाहेर फेकतो, स्प्रिंग दाबतो आणि पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, घालायची सोय करतो. झटका कमी पडला तर पिस्तूल अडकतं. जास्त झाला तर स्लाइड वेळेआधी आणि नको तितक्या वेगानं मागे येते, आणि फ्रेमवर आपटते. म्हणून स्लाइडचं वजन, स्प्रिंगचा ताण आणि काडतुसाचा दाब ही तिन्ही मापं एकमेकांना बांधलेली असतात. माझा सगळा लेख या बांधिलकीबद्दल होता. ही मोठी काडतुसं जन्माला आली ती बहुतेक वेळा कुठल्या तरी मापाच्या किंवा कुठल्या तरी नियमाच्या अडचणीतून. रक्ताची हौस हे कारण त्यात फार कमी वेळा सापडतं.

.४४ ऑटो मॅगचं उदाहरण घ्या. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनात हॅरी सॅनफर्डनं हे पिस्तूल बाजारात आणलं. .४४ मॅग्नमची ताकद सेमी-ऑटोत आणायची, तर बुडाला बाहेर आलेली कड नसलेली पुंगळी हवी, कारण कडेची पुंगळी मॅगझीनमध्ये एकमेकीत अडकते. म्हणून रायफलची .३०८ किंवा .३०-०६ ची पुंगळी कापून लहान केली. सुरुवातीला तर तयार काडतुसंच दुकानात नव्हती, घेणाऱ्यानं ती स्वतः बनवायची. एवढा खटाटोप करून कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली. आमच्या एमआयडीसीत असले किस्से ढिगानं मिळतील: माल उत्तम, पण त्याला लागणारा दुसरा माल बाजारात नाही.

डेझर्ट ईगलला तुम्ही खेळणं म्हणालात. मिरवण्यापुरतं घेणाऱ्यांच्या हातात ते खेळणंच आहे. दोन किलोच्या आसपास वजन, आणि मूठ अशी की मध्यम पंजाच्या माणसानं ती नीट धरता धरता घाम फुटावा. पण आतलं काम बघा. एवढा दाब नेहमीच्या पिस्तुलासारखा नुसत्या झटक्यावर सांभाळता येईना, म्हणून त्यात रायफलची युक्ती आहे. नळीतला थोडा वायू एका छिद्रातून काढून घ्यायचा, त्यानं दट्ट्या ढकलायचा, आणि चेंबर मागून बंद करणारा फिरणारा बोल्ट उघडायचा. त्याच छिद्रामुळे या पिस्तुलात उघड्या शिशाची गोळी वापरायची नसते, शिसं खरवडून तिथं साचतं. .५० अ‍ॅक्शन एक्स्प्रेस हे काडतूस १९८८ चं. त्याची पुंगळी जाड आहे, पण बुडाची कड मात्र .४४ मॅग्नमच्या मापाची ठेवली. कारण साधं: बोल्टचं तोंड बदलावं लागू नये. नळी आणि मॅगझीन बदललं की तेच पिस्तूल दुसऱ्या काडतुसाचं होतं. असली काटकसर बघितली की मला फार बरं वाटतं. १९.४ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ४५० मीटर वेगानं, म्हणजे १,९५० ज्यूलच्या वर ऊर्जा. तरीही शिकारीला किंवा स्पर्धेला हे काडतूस घ्यावं असं मी लेखात कुठं म्हटलेलं नाही, आजही म्हणणार नाही. एवढं वजन आणि एवढा झटका सोसून जे हाती लागतं, ते लांब नळीचं .४४ मॅग्नम रिव्हॉल्वर कमी त्रासात देतं. इथं तुमची माझी टाळी.

१० एमएमला मात्र त्या रांगेत बसवू नका, काका. ते ३२ मिलिमीटरचंच काडतूस आहे, .४५ च्या लांबीचं. म्हणजे .४५ च्या मुठीत मावतं. फरक दाबात आहे. अमेरिकी मानकांप्रमाणे .४५ एसीपीचा कमाल दाब २१,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), १० एमएमचा ३७,५००. गाडीच्या टायरमध्ये आपण तेहतीस-पस्तीस भरतो, त्याच्या हजारपटीहून जास्त. १९८३ मध्ये ब्रेन टेन पिस्तुलासोबत ते आलं आणि काडतुसं बनवली स्वीडनच्या नॉर्मानं. पहिला भार, म्हणजे दारू आणि गोळीचं प्रमाण, असा: साधारण १३ ग्रॅमची गोळी, ३६६ मीटर प्रति सेकंद, म्हणजे जवळजवळ ८७० ज्यूल. साधं ९ एमएम किंवा .४५ पाचशेच्या आसपास घुटमळतं. पुढं ब्रेन टेनचं जे झालं ते वाचून हसावं की रडावं कळत नाही. गिऱ्हाइकांना पिस्तुलं पोचली पण मॅगझिनं पोचली नाहीत, आणि १९८६ मध्ये कंपनीला कुलूप. १९८७ मध्ये कोल्टनं डेल्टा एलिट काढलं नसतं तर हे काडतूस तेव्हाच संपलं असतं.

मग आली एफबीआय, अमेरिकेची केंद्रीय तपास संस्था. एप्रिल १९८६ मध्ये मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. नंतरच्या तपासात एका ९ एमएम गोळीवर बोट ठेवलं गेलं. ती एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरली, पण हृदयाच्या अलीकडेच थांबली, आणि तो त्यानंतरही गोळ्या झाडत राहिला. झालं, जास्त खोल जाणाऱ्या काडतुसाचा शोध सुरू झाला आणि १० एमएम निवडलं गेलं. पण पूर्ण भाराचा झटका सगळ्यांना पेलेना, म्हणून भार उतरवला: ११.७ ग्रॅमची गोळी, २९० मीटर. ऊर्जा आली पाचशेच्या खाली. आता पुंगळीत अर्धी जागा रिकामीच राहतेय, तर मोठी पुंगळी आणि मोठी मूठ हवी कशाला, असा प्रश्न कुणीतरी विचारणारच. स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर यांनी पुंगळी २५.२ वरून २१.६ मिलिमीटरवर आणली, आणि १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू तयार झालं. ते ९ एमएमच्या मुठीत बसलं. अमेरिकेतल्या पोलिसांनी ते उचललं, आणि मूळचं पूर्ण भाराचं १० एमएम शिकाऱ्यांकडे आणि रानात भटकणाऱ्यांकडे उरलं. दरोडेखोरांसाठी निवडलेलं काडतूस शेवटी अस्वलं आणि रानडुकरांच्या मुलखात जाऊन राहिलं, याची मला अजून गंमत वाटते.

तर दणक्याचा नेमाशी संबंध काय? क्रीडाप्रकारावर अवलंबून आहे, काका.

तुमच्या डोळ्यांसमोर आयएसएसएफची, म्हणजे ऑलिंपिकमधली नेमबाजी आहे, आणि महाराष्ट्रात नेमबाजी म्हटलं की सगळ्यांच्याच डोळ्यांसमोर तीच येते. दहा मीटरवर एअर पिस्तूल, पाच-सहा ज्यूलची छर्रा गोळी, कागदावरची रिंग. तिथं ताकदीला खरोखर किंमत नाही. अगदी मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या, सेंटर फायर प्रकारातही नाही. २५ मीटर, एका हातानं, आधी संथ तीस आणि मग तीन-तीन सेकंदांत हात उचलून झाडायच्या तीस गोळ्या. बोअर ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरच्या दरम्यान हवं, आणि मॅग्नम काडतुसांना बंदी. बरेच जण तिथं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वापरतात, म्हणजे मुळात रिव्हॉल्वरचं मऊ काडतूस, सेमी-ऑटोत घातलेलं. जसपाल राणानं २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत याच प्रकारात ६०० पैकी ५९० करून विश्वविक्रमाची बरोबरी केली. या बाबतीत तुमच्या म्हणण्याला माझा विरोध शून्य.

पण आयपीएससीत, म्हणजे धावत-पळत वेळेशी झुंजत झाडायच्या 'प्रॅक्टिकल' नेमबाजीत, गणित वेगळं आहे. ही संघटना १९७६ मध्ये अमेरिकेत कोलंबिया, मिझूरी इथं स्थापन झाली, पहिला अध्यक्ष जेफ कूपर, १० एमएमच्या कल्पनेमागचा एक माणूस तोच. त्याच्या डोक्यात पक्कं होतं की हलकं काडतूस घेऊन भराभर झाडणाऱ्याला आणि जड काडतूस सांभाळून झाडणाऱ्याला सारखे गुण देणं अन्याय आहे. म्हणून पॉवर फॅक्टर. गोळीचं वजन ग्रेनमध्ये (ग्रॅमचा साधारण पंधरावा भाग), वेग फूट प्रति सेकंदात, गुणाकार करून हजारानं भागायचं. १२५ पर्यंत पोचलात तर मायनर, स्टँडर्ड विभागात १७० गाठलंत तर मेजर. लक्ष्याच्या मधल्या 'ए' पट्ट्यात दोघांनाही पाच गुण. गोळी जरा सरकून 'सी'त गेली तर मेजरला चार, मायनरला तीन. 'डी'त दोन आणि एक. म्हणजे ताकदवान काडतूस वापरणाऱ्याला चुकलेल्या नेमाची थोडी भरपाई मिळते, आणि ती भरपाई त्याला वेळ गमावून, झटका सोसून विकत घ्यावी लागते. १८० ग्रेनची .४० ची गोळी ९५० फुटांनी गेली की १७१. काठावर पास. स्पर्धेत गोळ्यांचा वेग यंत्रावर मोजतात, आणि कमी भरला तर मेजरचा मायनर होतो.

याहून गमतीची गोष्ट ओपन विभागाची. तिथं मेजरची रेघ १६० वर आहे, आणि १९२९ चं .३८ सुपर हे जुनंपानं काडतूस तिथं राज्य करत आलं. कारण त्याच्या लांब पुंगळीत दारू जास्त मावते. जास्त दारू म्हणजे जास्त वायू, आणि नळीच्या तोंडाशी कॉम्पेन्सेटर, म्हणजे वर छिद्रं असलेला तुकडा, लावला की तोच वायू वर उडून नळी खाली दाबतो. म्हणजे काडतूस जितकं तापट तितकं पिस्तूल शांत. आता मला सांगा, इथं दणक्याचा आणि नेमाचा संबंध नाही असं कसं म्हणायचं?

सिल्हूट, म्हणजे जनावरांच्या आकाराची लोखंडी लक्ष्यं पाडायचा खेळ, हा तिसरा प्रकार. लोखंडी कोंबड्या ५० मीटरवर, डुकरं १०० वर, टर्की १५० वर आणि मेंढे २०० वर. हा खेळ मेक्सिकोतून आला आणि हँडगनसाठी १९७६ पासून त्याची स्वतंत्र संघटना आहे. नियम एकच: लक्ष्य पडलं पाहिजे. नुसता टण् आवाज आला आणि मेंढा उभाच राहिला तर भोपळा. वीस किलोच्या वरचा पोलादी मेंढा दोनशे मीटरवर आडवा करायला गोळीत काहीतरी शिल्लक उरावं लागतं. १९७९ चं .४५ विंचेस्टर मॅग्नम ज्या ग्राहकांसाठी आलं त्यात हे सिल्हूटवाले होते. अर्थात या खेळात खरी चलती एकगोळी पिस्तुलांची आणि रिव्हॉल्वरची. सेमी-ऑटोवाले तिथं हौशीच राहिले. हा गुण तुमच्या खात्यात टाका.

शिकारीबद्दल. .३०-०६ रायफल ३,८०० ज्यूलच्या आसपास देते, भारदस्त १० एमएम नऊशे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पिस्तुलानं शिकार करणाऱ्यानं किती जवळ जायला हवं ते आपोआप कळतं. अमेरिकेत जिथं कायद्यानं परवानगी आहे तिथं हरणावर किंवा रानडुकरावर १० एमएम वापरणारे शहाणे लोक पन्नास मीटरच्या आत राहतात. त्या अंतरात जड, टणक गोळी फुफ्फुसांपर्यंत पोचते. त्यापलीकडे जनावर जखमी होऊन झुडपात मरतं, आणि ती शिकार नव्हे, क्रौर्य. हे वाक्य मूळ लेखातही होतं, ठळक अक्षरात. ज्यूलचे आकडे मी दिले म्हणून तुम्ही रागावलात, पण ते आकडे पिस्तूल किती कमी पडतं हे सांगायलाच दिले होते. उत्तर-पूर्व ग्रीनलंडमध्ये डेन्मार्कचं सिरियस पथक कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालतं. त्यांच्याकडे रायफल असतेच, पण ध्रुवीय अस्वल अंगावर आलं आणि रायफल गाडीला बांधलेली असली तर म्हणून कमरेला १० एमएमचं ग्लॉक २० असतं. पिस्तूल हे असं, दुसऱ्या नंबरचं हत्यार. पहिल्या नंबरचं असतं तर त्यांनी रायफली वाहिल्याच नसत्या.

आता आपल्याकडचं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, तुम्ही म्हणता ते खरं. हौसेची शिकार आपल्याकडे गुन्हा आहे, आणि त्यात बदल व्हावा असं मी कुठंही सुचवलेलं नाही. निफाडच्या उसात बिबट्या शिरला की गावात कुणीतरी "एकदा गोळी घाला" म्हणतोच. बिबट्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पिंजरा लावणं, बेशुद्ध करणं हे वनविभागाचं काम, आणि माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या जनावराबद्दलचा शेवटचा निर्णय मुख्य वन्यजीव रक्षकाचा. त्यात कुणाच्या कमरेच्या पिस्तुलाला जागा नाही. हत्यारांचंही तसंच. ९ एमएम आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला निषिद्ध बोअर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर तीनाऐवजी दोनच हत्यारं. लोकांना बहुतेक वेळा जे मिळतं ते .३२ चं पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर. त्या .३२ पिस्तुलाची ऊर्जा पावणेदोनशे ज्यूलच्या आसपास, म्हणजे १० एमएमच्या पाचव्या हिश्शाला जेमतेम.

मग मराठीत हे लिहायचं कशाला, हा तुमचा खरा प्रश्न. पोरांच्या डोक्यात हे मी भरतोय असं तुम्हाला वाटतं. काका, त्यांच्या डोक्यात आधीच भरलंय. सिडकोत, पंचवटीत वाढदिवसाच्या केकजवळ गावठी कट्टा धरून रील काढणारी पोरं पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचत असाल. त्या पोरांना काडतुसाचा दाब ठाऊक नाही. पाण्याच्या पाइपातून किंवा कुठल्याशा गाडीच्या रॉडमधून बनवलेली नळी, तिला ना उष्णताप्रक्रिया ना चेंबरचं माप, आणि आत २०,००० पीएसआयचा स्फोट. आमच्याकडे एखादा डाय कडक करताना तापमान जरा इकडेतिकडे झालं तर तो प्रेसखाली उभा चिरतो. इथं तर मागे माणसाचा चेहरा असतो. हे मी लिहिलं नाही तर त्या पोरांना दुसरं कोण सांगणार? रील काढणारा मित्र?

"पॉवरफुल" हा शब्द शीर्षकात होता म्हणून तुम्ही चिडलात, तो मी बदलणार नाही. लोक तोच शब्द टाइप करून शोधतात, आणि शोधत आले की त्यांना पंजाचं माप, पुंगळीची लांबी आणि पन्नास मीटरची मर्यादा वाचावी लागते.

तुम्ही शेवटी विचारलंत की मी सेंटर फायरवर का लिहीत नाही. लिहितोय. .३२ लाँगची वॅडकटर, म्हणजे चपट्या तोंडाची गोळी कागदाला इतकं स्वच्छ भोक का पाडते, आणि चपट्या तोंडाचं ते काडतूस मॅगझीनमधून वर चढवायला पिस्तूल बनवणाऱ्यांना काय काय करावं लागलं, हा पुढचा लेख. तुमच्या प्रतिक्रियेखाली एकानं "हे नाशकात कुठं मिळेल, किती पडेल" असं विचारलं होतं. ते मी काढून टाकलं आहे. त्याला एवढंच कळवलं की शहरात परवान्याचा अर्ज पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात, आणि १० एमएमचा अर्ज घेऊन कुठंच जाऊ नकोस.